ट्रकमधलं पिस्तूल आम्ही मोजत नाही

रविवार, २१ सप्टेंबर

प्रिय आसा,

मागच्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की बाबांनी सकाळी खुराड्याजवळ आलेल्या कोल्ह्यावर गोळी झाडली आणि ती खुराड्याच्या दाराला लागली. कोल्हा नव्हता. आई होती.

मी त्या वेळी घरी नव्हते, पशुखाद्याच्या दुकानात माझी सकाळची पाळी होती. संध्याकाळी आईनं कोल्हा सांगितला आणि मी तो न तपासता तुला लिहिला. काल मी ते दार दुरुस्त करायला गेले. भोक माझ्या हनुवटीच्या उंचीवर आहे. एवढा उंच कोल्हा नसतो. मी आत जाऊन आईला विचारलं. ती पीठ मळत होती, तिनं हात थांबवले नाहीत.

"अंडी आणायला गेले होते. गारठा होता म्हणून त्यांचाच जुना कोट घातला, टोपी ओढून घेतली. त्यांना वाटलं कुणी बाप्या आहे."

"मग?"

"मग काय? माझंच चुकलं. येताना हाक द्यायला हवी होती."

"बाबा काय म्हणाले?"

तिनं पीठ उलटलं. "म्हणाले, लॉरीन, आत ये लवकर, बाहेर कुणीतरी आहे."

एवढंच, आसा. माझं आधीचं वाक्य तू सोल्वे वहिनीला वाचून दाखवलं असशील तर हेही दाखव, म्हणजे माझ्या नावावर खोटं राहणार नाही.

वसंतात डॉक्टरांनी बाबांच्या स्मरणाचं जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर उतारच आहे, पण सरळ नाही. परवा ते मला माझ्याच नावानं हाक मारून म्हणाले की केझिया शाळेतून आली का बघ. मी शाळेत कधी गेलेच नाही हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मात्र चार नियम विचारले तर एका दमात म्हणून दाखवतात. प्रत्येक बंदूक भरलेली समजावी. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी धरू नये. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. नेमाच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहावं. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराला त्यांनी हेच शिकवलं. मला तर आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षरं शिकवली त्याच आठवड्यात बाबांनी हे चार शिकवले. वजाबाकी मी काडतुसांवर शिकले. अजूनही मनात वजाबाकी करताना मला पितळ दिसतं.

तर चारही नियम पाठ आहेत, आणि त्यांनी आईवर गोळी झाडली.

फोन करू नकोस. भिंती पातळ आहेत, आई ऐकते. शिवाय बोलताना मी घाईत खोटं बोलून जाते. लिहिताना खोडता येतं.

काय करावं ते लिही. तू परदेशी गेल्यापासून मी तुला काही विचारलेलं नाही, म्हणून हे विचारणं जड जातंय.

केझिया


मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय आसा,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, "तुम्हा अमेरिकन लोकांना हे कळतच नाही." ज्या खोलीत तू जन्मलास तिथे आई आता बटाटे ठेवते. "तुम्हा अमेरिकन लोकांना" असं मला लिहू नकोस.

बाकीचं पत्र चांगलं आहे. तुझ्या सासऱ्यांची हकीकत मी अनेकदा वाचली. तोरब्यर्नना विसर पडायला लागला, डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, एक पोलीस बाई आली, सोल्वेच्या आईनं वाफल आणि जॅम पुढे ठेवला, आणि तोरब्यर्न स्वतः उठून कपाटाचं कुलूप काढून शिकारीच्या तिन्ही रायफली घेऊन आले. बाईनं पावती दिली. मग सगळ्यांनी कॉफी घेतली. तू लिहितोस की त्या दिवशी ते थोडे गप्प होते, बस.

मला ते खोटं वाटत नाही. पण मला त्यात एक दिसतं ते तुला दिसत नाही. तोरब्यर्नना ती रायफल पहिल्या दिवसापासून कुणीतरी ठेवायला दिलेली होती. परवानगी मागून घेतली, परवानगी संपली, परत केली. बाबांनी कधी मागितलीच नाही. "परवानगी मागणारा माणूस स्वतःच्या घरात भाडेकरू असतो," हे त्यांचं वाक्य तुला आठवत असेल, तू त्यावर हसायचास. ते परत कुणाला करतील? आमच्याकडे परत करणं नाही. फक्त काढून घेणं आहे.

तरी मी तू सांगितलंस तसं केलं. शेरिफच्या ऑफिसात गेले. कोल्बी होता. तुझ्याबरोबर बाबांच्या बंदुकीच्या वर्गात असायचा तोच, आता शेरिफच्या हाताखाली आहे, पोट सुटलंय.

"बस, केझ. कॉफी घे. वाईट आहे, पण फुकट आहे."

मी सगळं सांगितलं. त्यानं मध्येच थांबवलं नाही.

"कुणाला लागली का?"

"नाही."

"लॉरीन काकू तक्रार देणार आहेत?"

"नाही."

"मग माझ्या हातात काय आहे? ही कॉफी आहे."

"लागल्यावर येशील?"

"लागल्यावर यायलाच लागेल." तो हे वाईटपणानं म्हणाला नाही. "काही राज्यांत आहेत तसे कायदे. घरचे लोक न्यायाधीशाकडे जातात, पोलीस येऊन उचलतात. आपल्या आयडाहोत नाहीत. आणि खरं सांगू? आले तर मी विरोधात मत देईन. आज तुझे बाबा, उद्या ज्याचं बायकोशी भांडण झालंय तो."

"आणि तो बायकोवर गोळी झाडतो तेव्हा?"

"आसाचं पत्र आलेलं दिसतंय." तो हसला. "काय म्हणतो? तिकडे लोणी लावायच्या सुरीलाही परवाना लागत असेल."

"त्याच्या सासऱ्याकडे तीन रायफली होत्या."

"अस्सं? आणि सरकारला त्यांचे नंबर ठाऊक होते म्हणून म्हातारा निवांत झोपत असेल."

मी हसले नाही. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला की एक वाट आहे, कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा. डॉक्टरचा दाखला, आईची साथ, आणि बाबांच्या समोर उभं राहून न्यायाधीशाला सांगायचं की हा माणूस आता स्वतःचा राहिलेला नाही. "काकू म्हणतील तसं?"

मी उठले. दारापर्यंत तो सोडायला आला.

"माझं पहिलं हरीण होतं ना, ते त्यांनी मला खांद्यावरून उचलून खाली आणून दिलं होतं. माझे वडील दारू पिऊन पडले होते त्या दिवशी. मी त्यांच्या घरी जाऊन ते कसं करू, तूच सांग." मग हळू आवाजात, "तू त्यांच्या बंदुका न विचारता उचलल्यास तर ती चोरी. पण मी विचारायला येणार नाही."

घरी येऊन मी आईला पालकाचं विचारलं. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या तेव्हा ते अख्खा हिवाळा माझ्याशी बोलले नाहीत. बोलणं विसरले म्हणून नाही, ठरवून. आता हेही काढलं तर कपाटासमोर उभं राहायला तरी काय उरेल त्यांना?"

"आणि पुढच्या वेळी गोळी दाराला लागली नाही तर?"

"तर नाही लागली." ती भांडी पुसत होती. "त्यांना कळणार तर नाही ना ते मी होते म्हणून. तेवढं तरी बरं."

हे वाक्य मी तुला लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. ते तिचं आहे, माझं नाही. पण तू तिचा मुलगा आहेस.

तू लिहिलंस, मी तिकडे यावं, खोली रिकामी आहे. मी आले तर मी वाचेन. प्रश्न माझा नव्हता.

केझिया


गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय आसा,

मी एक गोष्ट केली आणि ती बिघडली.

रविवारी डोकं दुखतंय असं सांगून मी चर्चला गेले नाही. डोकं दुखत नव्हतं. दोघं गेल्यावर कपाट उघडलं आणि प्रत्येक रायफलचा बोल्ट काढून घेतला. आजोबांच्या रायफलचाही. बोल्ट नसला की बंदूक म्हणजे नुसती नळी. ते सगळे बुटांच्या खोक्यात घालून दुकानातल्या माझ्या कपाटात ठेवले. मला वाटलं, लाकूड हाताला लागेल, वजन लागेल, कपाटासमोर उभं राहता येईल, आणि कुणी मरणार नाही. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे लिहायला हवं.

सोमवार त्यांचा तेल द्यायचा दिवस. तुला त्या तेलाचा वास आठवत असेल. पहिली रायफल हातात घेतली आणि त्यांचा हात थांबला. दुसरी घेतली. सगळ्या पाहिल्या. ओरडले नाहीत. परत एकेक जागेवर ठेवली आणि खिडक्यांच्या कड्या तपासत घरभर फिरले. मग आईला म्हणाले,

"लॉरीन, कुणीतरी घरात येऊन गेलंय. बंदुका नेल्या नाहीत, निकामी करून ठेवल्यात. म्हणजे ते परत येणार आहेत."

आसा, कितीतरी महिन्यांत त्यांनी इतका नीट विचार केला नव्हता. आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. कुणीतरी येऊन गेलं होतं.

मग ते अंगणात गेले आणि ट्रकच्या पुढच्या कप्प्यातून पिस्तूल घेऊन आले.

माझ्या ते मनातच आलं नव्हतं. दिवसभर मी स्वतःला विचारत राहिले की कसं आलं नाही. तूच सांग, आपल्या घरी बंदुका किती असं कुणी विचारलं असतं तर तू ते पिस्तूल त्यात धरलं असतंस? आई धरणार नाही. कोल्बी स्वतःच्या ट्रकमधलं धरणार नाही. ते जॅकसारखं आहे, ओढायच्या साखळीसारखं, ट्रकबरोबर येतं. किल्ल्या काढून घेऊन दोन वर्षं झाली, ट्रक तिथेच गवतात उभा आहे, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही कधी त्या कप्प्याची आठवण झाली नाही. सोल्वेला हे वाचून दाखवशील तेव्हा ती काय म्हणेल ते मला ऐकू येतंय.

ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मांडीवर पिस्तूल. सोमवार आणि मंगळवार, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. आईनं खांद्यावर रजई टाकली आणि तिथेच ताट आणून दिलं, जणू ते कुठल्या कामावर आहेत.

मंगळवारी दुपारी डार्लीन टपाल घेऊन आली. आमच्या रस्त्याला पेटी फाटकाशी आहे, पण हल्ली ती बाबांना भेटायला ओसरीपर्यंत येते.

"ऑरिन, माझी वाट बघत बसलायस वाटतं, एवढा सजून."

"चोर येणार आहेत."

"येऊ देत मेले. माझ्या शेडमधली करवत नेलीय कुणीतरी. सापडला तर माझ्या वाटणीची एक घाल त्याला."

बाबा हसले. मग तिनं टपाल काढायला पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. पिस्तूल मांडीवरून उठलं. डार्लीन खाली पिशवीत बघत होती. तिनं बियाण्यांचा कॅटलॉग काढला, मग तुझं पत्र.

"हे घे. परदेशी तिकीट आहे, काढून ठेव, माझ्या नातवाला हवंय."

पिस्तूल खाली गेलं. तिनं हात हलवला आणि गाडीकडे गेली. तिला काही दिसलंच नाही, की दिसलं आणि त्यात तिला विशेष वाटलं नाही, हे मला ठरवता येत नाही. पिस्तूल घेऊन ओसरीवर बसलेले म्हातारे तिनं टपाल वाटताना आजवर कितीतरी पाहिले असतील.

मी आत होते.

बुधवारी मी खोकं परत आणलं. बाबांना म्हणाले, सापडले, तुम्हीच तेलासाठी काढून ठेवले होते. त्यांनी एक बोल्ट हातात घेऊन फिरवला. "असं का? म्हातारा झालो मी, केझी." आणि पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून आले. त्यांनी ते माझ्यावर विश्वास ठेवून परत ठेवलं, आणि माझं बोलणं खोटं होतं.

ते मी त्याच संध्याकाळी काढून घेऊ शकले असते. घेतलं नाही. घेतलं असतं तर पुन्हा चोर आले असते, आणि या वेळी त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली असती किंवा डार्लीनकडे मागितली असती. ती देईल. तीन हिवाळ्यांपूर्वी ओढ्यापलीकडचं घर जळालं तेव्हा लोकांनी त्या कुटुंबाला पहिल्या दिवशी काय नेऊन दिलं ते मी तुला लिहिलं होतं का? ब्लँकेटं, शिजवलेलं, आणि दोन शिकारीच्या बंदुका. तुमच्याकडे शेजारी साखर देतात तशा. त्यात काही वाईट नव्हतं. तो माणूस रडला होता.

तुझं ते पत्र मी वाचलं. तिकीट कापून डार्लीनला दिलं.

केझिया


गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय आसा,

"मी आत होते" एवढंच मी लिहिलं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

मी ओसरीच्या खिडकीच्या आत उभी होते. माझ्या हातात माझं पिस्तूल होतं, बाबांनी मला अठराव्या वाढदिवसाला दिलेलं. डार्लीन फाटकातून आत येताना दिसली तेव्हाच मी ते उशीखालून घेऊन आले होते. तिनं पिशवीत हात घातला, बाबांचा हात वर आला, आणि मी नळी त्यांच्या पाठीवर धरली, रजईच्या वरच्या कडेच्या जरा खाली. बोट चापाबाहेर होतं. मग नव्हतं. पलीकडे डार्लीन होती, म्हणून मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले, की गोळी पार गेली तर तिला लागू नये. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं आहे आणि ते माझ्याकडून एकही चूक न होता झालं.

जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी धरू नये. मी धरली. याचा अर्थ काय होतो ते मी प्रत्येक बाजूनं पाहिलं, आणि तो एकच होतो.

आईला ठाऊक नाही. ती तयार आहे की त्यांच्या हातून तिला मरण यावं. मी तयार होते की माझ्या हातून त्यांना यावं. आम्ही तिघं रोज एका टेबलावर जेवतो आणि जेवणाआधी देवाचे आभार मानतो.

म्हणून आता ठरवलंय. गावातल्या बंदुकांच्या दुकानात विचारलं, सांभाळायला ठेवून घ्याल का. मालक चांगला वागला, पण म्हणाला, ऑरिनची सही आण. मग शेजारच्या गावात सामान ठेवायची एक खोली भाड्यानं घेतली. कोल्बी म्हणाला ते खरं आहे, ही चोरीच आहे. चोरी करू नको ही आठवी आज्ञा आणि आईबापांचा मान राख ही पाचवी, दोन्ही एकाच सकाळी मोडणार. आईनं मला त्या याच टेबलावर पाठ करून घेतल्या होत्या. दोन्ही एकदम पाळता येतील अशी वाट मी शोधली. मला सापडली नाही.

राहिलं बाबांना काय सांगायचं. चोर म्हटलं तर ते पुन्हा ओसरीवर बसतील. मी नेल्या म्हटलं तर त्यांना रोज नव्यानं कळेल की मुलीनं चोरी केली, आणि दुसऱ्या सकाळी ते विसरून पुन्हा विचारतील, आणि मला रोज पुन्हा सांगावं लागेल. म्हणून मी तुझं नाव घेणार आहे. आसा आला आणि त्याच्या वाट्याच्या घेऊन गेला.

ही परवानगी मागत नाही. एखाद्या माणसाच्या नावावर खोटं ठेवायचं तर त्याला सांगून ठेवावं, एवढंच.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यांनी आजोबांची रायफल टेबलावर तुझ्यापुढे ठेवली, थोरल्या मुलाला देतात तशी, आणि तू हात मागे घेऊन म्हणालास की असली वस्तू माझ्या मुलीच्या घरात येणार नाही. रागना तेव्हा सोल्वेच्या मांडीवर होती. आधीच सोल्वेनं त्यांना कमरेचं पिस्तूल काढून ठेवा म्हटलं होतं आणि ते म्हणाले होते, पाहुणे माझ्या घरात माझे कपडे उतरवत नाहीत. तुम्ही मॉटेलवर गेलात. रायफल दुसऱ्या दिवशीपर्यंत टेबलावरच होती, आई तिच्याभोवतीनं ताटं मांडत होती. ते तू पाहिलं नाहीस. तेव्हा मला दोघंही बरोबर वाटले होते. आजही वाटतात, आणि त्याचा काही उपयोग नाही.

काल मी बोलून पाहिलं. बाबा तेल देत होते.

"बाबा, आसा आला आणि सगळ्या बंदुका घेऊन गेला तर?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

"त्याच्याच आहेत." कापड पुन्हा फिरायला लागलं. मला वाटलं, जमलं. मग ते म्हणाले, "कधी आला होता?"

"आला तर, असं म्हणते मी."

"मी कुठे होतो?"

"डॉक्टरांकडे."

"थांबला नाही?"

मी तेलाची बाटली जवळ सरकवली.

"जेवून तरी गेला का?"

"घाई होती त्याला."

"बायको होती बरोबर? ती मागे काही खात नव्हती आपलं. तुझ्या आईला लागलं होतं ते." त्यांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. "मला भेटला असता तर मी काही बोललो नसतो त्याला."

तर हे असं होणार. रोज सकाळी कपाट उघडणार, मी सांगणार की आसा घेऊन गेला, आणि रोज त्यांना नव्यानं कळणार की मुलगा दारापर्यंत येऊन न भेटता गेला. मी यापेक्षा बरं खोटं शोधलं. नाही सापडलं. त्यांचा फोन आला तर उचल. ते विचारतील जेवला का नाहीस. काहीतरी सांग. रागनाला फोनवर दे, तिला इंग्रजी येत नसलं तरी चालेल.

आणि हे किती दिवस टिकेल तेही मी पाहिलं आहे. मोकळं कपाट आई लपवणार नाही, ती लाजेनं डार्लीनला सांगेल. डार्लीन गावाला सांगेल. मग कुणीतरी भला माणूस, कदाचित कोल्बीच, रविवारी चर्चहून परतताना एक जुनी रायफल आणि काडतुसांचा डबा घेऊन ओसरीवर येईल, कारण म्हाताऱ्या माणसाला असं मोकळ्या हातानं बसलेलं कुणाला पाहवत नाही. मी तीही उचलेन. मग दुसरा कुणी येईल. मला या गावात वाईट माणूस माहीत नाही, आसा, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

माझं पिस्तूलही त्याच खोलीत ठेवणार. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. तू हसू नकोस. पिस्तूल उशीखाली नाही अशी एक रात्र मी कल्पून पाहिली आणि मला झोपच येईना, आणि मला कळलं की बाबांना कपाटापुढे काय होईल.

पुढच्या आठवड्यात त्यांची शहरातल्या डॉक्टरांकडे वेळ आहे. आई गाडी चालवेल, वाटेत ते तिला रस्ता सांगतील, बहुतेक बरोबर सांगतील. जायला दीड तास, यायला दीड. मी दुकानात सुट्टी मागितली आहे. कारण विचारलं, मी म्हणाले घरचं काम आहे. गाडी फाटकाबाहेर वळली की आधी ट्रकमधलं, मग कपाट, आजोबांची शेवटी, मग माझं. हे पत्र मी उद्या टाकते आहे, म्हणजे ते तुला झाल्यावरच मिळेल आणि तू मला थांबवण्याचा किंवा शाबासकी देण्याचा प्रश्न येणार नाही. मला दोन्ही नको आहेत.

गुरुवार, वीस नोव्हेंबर.

केझिया